बाण सुटल्यानंतरचं काम

शिकारीच्या बहुतेक गोष्टी बाण सुटला की संपतात. माझं काम तिथून पुढं सुरू होतं. अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या बाहेर मका-सोयाबीनच्या पट्ट्यात मी राहतो. दिवसा नोकरी करतो आणि शिकारीच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारी उजाडेपर्यंत, संध्याकाळनंतर फोन जवळ ठेवतो. फोन करणाऱ्यानं हरणाला बाण मारलेला असतो, रक्ताचा माग थोडा पुढं जाऊन तुटलेला असतो आणि अंधार पडत आलेला असतो. मी उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन घेऊन जातो आणि ते हरीण शोधून देतो. मी स्वतः शिकार करत नाही. घरात बंदूक नाही, धनुष्य नाही.

या कामात पडू पाहणारे मराठी तरुण अधूनमधून फोन करून विचारतात. ड्रोन कुठला घ्यावा, इथून सुरुवात करतात. त्याचं उत्तर सोपं आहे आणि ते दुकानदारही देईल. बाकीचं असं.

१. हरणांचा हिशेब आधी समजून घ्या.

सांगलीकडच्या मामांना मी हे काम सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिकडं जाऊन हरणं मारायच्या धंद्यात पडलास होय रे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे. चितळाला हात लावला तर माणूस तुरुंगात जातो आणि जावाच.

इथली गोष्ट वेगळी आहे. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळं १९०४ पर्यंत ओहायोतून पांढऱ्या शेपटीचं हरीण संपलं होतं. पुढं बाहेरून हरणं आणून सोडली, शिकारीला हंगाम आणि परवाने आले. आज राज्याच्या अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, हरीण आहे. त्याला खाणारे लांडगे आणि प्यूमा मात्र परत आले नाहीत. रात्री महामार्गावर गाडीला हरीण धडकणं ही इथं रोजची बातमी आहे. देशभरात अशा धडका वर्षाला दहा लाखांवर जातात. हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला माणसाचा हंगाम लागतो. परवान्याचे पैसे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवर बसणारा कर यांतूनच वन्यजीव खात्याचं बरंचसं काम चालतं. हे सगळं पटलंच पाहिजे असं नाही. मलाही सगळं पटत नाही. पण जखम झालेलं हरीण झुडपात रात्रभर तडफडत राहावं आणि सकाळी त्याचं मांसही वाया जावं, हे कुणालाच पटत नाही. माझं काम तेवढ्यापुरतं आहे.

२. पहिला प्रश्न बाणाचा.

शिकारी फोनवर शिंगांबद्दल बोलत सुटतो. दहा फाटे होते, बारा होते. ते ऐकून घ्यावं आणि विचारावं: बाण सापडला का? त्याचा फोटो पाठवा. इथले धनुष्यवाले धारदार पात्याचा बाण वापरतात आणि तो बहुतेक वेळा आरपार जाऊन मागं जमिनीत रुतलेला सापडतो. त्यावर सगळं लिहिलेलं असतं.

गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर बाण फुप्फुसातून गेला. असं हरीण शंभर-दीडशे पावलांत पडतं आणि त्याला माझी गरज नसते. कंदील घेऊन चाला, सापडेल. गडद, काळपट लाल रक्त यकृताचं. त्यानं हरीण मरतं, पण काही तास घेतं. बाणावर हिरवट-तपकिरी ओल आणि शेणासारखा वास असला तर बाण पोटात लागला आहे. ही सगळ्यात वाईट जखम. रक्त बाहेर फारसं पडत नाही, माग लवकर तुटतो, आणि मरण येतं ते आठ-दहा तासांनी, कधी त्याहून उशिरा. मला येणारे बहुतेक फोन या जखमेचे असतात.

आणखी एक प्रकार आहे. सुरुवातीला भरपूर लालभडक रक्त, मग कमी-कमी होत थेंब, मग काहीच नाही. ही खांद्याची किंवा छातीच्या पुढच्या भागाची, नुसत्या मांसातली जखम. असली हरणं पुष्कळदा जगतात. अशा वेळी मी शिकाऱ्याला आधीच सांगतो की, तुझं हरीण बहुधा चालतं-फिरतं आहे आणि मला दिलेले पैसे फुकट जातील. काही जण तरीही बोलावतात. त्यांना खात्री हवी असते, आणि त्यात गैर काही नाही.

३. ड्रोन आहे म्हणून घाई करू नका.

पोटात बाण लागलेलं हरीण पाठीची कमान करून हळूहळू चालत जातं आणि जवळच, दोन-चारशे पावलांवर, दाट जागा बघून बसतं. त्याला कुणी उठवलं नाही तर ते तिथंच मरतं. शिकारी मागावर घाईनं निघाला तर ते उठून अर्धा मैल जातं, आणि मग ना रक्त ना हरीण. म्हणून जुने शिकारी रात्र जाऊ द्यायचे. पण रात्र जाऊ दिली तर कायोटी येतात. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा प्राणी, तोही इथं प्रत्येक काउंटीत आहे. हवा थोडी उबदार असली तर मांसही नासतं. थांबावं की जावं, हा पेच पिढ्यान्‌पिढ्या होता.

ड्रोननं तो पेच खरोखर सोडवला. तीनशे फुटांवरून मी बघतो तेव्हा हरणाला माणसाचा वास जात नाही, पाचोळा वाजत नाही. बसलेलं दिसलं तर जागा नोंदवून मी ड्रोन मागं घेतो. आम्ही गाडीत बसतो, थर्मासमधला चहा पितो आणि दोन-तीन तासांनी परत बघतो. शिकाऱ्याला हे थांबणं फार जड जातं. हरीण सापडलं आहे आणि आपण चहा पितो आहोत! पण या कामात माझा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो इथंच, त्याला गाडीत बसवून ठेवण्यात.

४. कॅमेऱ्याला काय दिसत नाही ते पाठ करा.

उष्णतेचा कॅमेरा भुताटकीसारखा झाडाआडचं बघतो, असा लोकांचा समज आहे. तो पृष्ठभागाची उष्णता बघतो, बस्स. पान मधे आलं तर पानाची उष्णता दिसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओक आणि मेपल भरलेले असतात तेव्हा अर्ध्या रानावर माझा कॅमेरा आंधळा असतो. नोव्हेंबरच्या मध्यात, माद्यांच्या मागं नर धावत असतात त्या दिवसांत, पानगळ बरीच झालेली असते आणि तेव्हाच फोनही सर्वांत जास्त येतात. उभा मका त्याहून वाईट. काढणी व्हायची असेल तर सरीवर सरळ वरून, एकेक ओळ बघत जावं लागतं. पाण्यात पडलेलं हरीण दिसत नाही. वर राहिलेली बरगडी किंवा कान तेवढा दिसतो. धुकं आणि पाऊस असेल तर घरी राहावं.

वेळ महत्त्वाची. दुपारी उन्हानं तापलेला दगड, बुंधा, गवताची गंजी, सगळंच हरीण वाटतं. चुलीवरून उतरवलेला तवा जसा बराच वेळ गरम राहतो, तसे हे दगड सूर्यास्तानंतरही तास-दोन तास फसवतात. रात्री उशिरा आणि पहाटे रान थंड होतं आणि गरम काय ते उठून दिसतं. ढगाळ दिवस असला तर दुपारीही काम होतं.

मेलेलं हरीण किती वेळ दिसतं, हा नेहमीचा प्रश्न. हिवाळी केस आतून पोकळ असतात, त्यामुळं उष्णता अडून राहते. थंड रात्री आठ-दहा तासांनीही पोटाचा आणि मांड्यांच्या मधला भाग उजळ दिसतो. कधी हरीण दिसत नाही, पण तीन-चार लहान ठिपके एकाच जागी घुटमळताना दिसतात. तिथं झूम करा. कायोटी आपल्या आधी पोचलेले असतात.

यंत्राबद्दल थोडक्यात. उष्णतेच्या कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन ६४० बाय ५१२ च्या खाली नको, शेजारी साधा झूम कॅमेरा हवाच. बॅटऱ्या गाडीत उबेला ठेवा. थंडीत त्या कागदावरचा वेळ कधीच देत नाहीत. परतीची उंची सर्वांत उंच झाडाच्या वर लावून मगच उडवा.

५. जिवंत हरणाची जागा सांगायची नाही.

मेलेलं हरीण कुशीवर पडलेलं असतं, पाय ताणलेले, मान जमिनीला. जिवंत बसलेलं हरीण पाय पोटाखाली घेतं, मान वर ठेवतं, कान हलवतं. जिवंत हरणाचं डोकं, कान आणि पाय उजळ दिसतात, अंग केसांमुळं मंद. एवढा फरक ओळखायला पहिला हंगाम पुरतो. पुढचा प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा आहे.

रानात एका वेळी पाच-सात हरणं दिसतात. त्यांत शिकाऱ्याचं एक. उरलेल्यांत एखादा मोठा, भरगच्च शिंगांचा नर असतो. पडदा शिकाऱ्याच्या हातात असेल तर त्यानं तो बघितला. उद्या पहाटे तो मचाण कुठं बांधणार, हे सांगायला नको. म्हणून पडदा माझ्याकडं तोंड करून असतो. शिकारी गाडीच्या त्या बाजूला उभा राहतो. काही चिडतात. चिडू द्यावं. मी फक्त एका हरणाबद्दल बोलतो: सापडलं, नाही सापडलं, किंवा जिवंत आहे.

जिवंत असेल तर एवढंच सांगतो की जिवंत आहे आणि मी निघतो. दिशा सांगत नाही, खूण सांगत नाही, दिवा टाकत नाही. हरीण मरणार असं दिसत असेल तर थांबून पुन्हा बघतो, वर सांगितलं तसं. पण चालत्या हरणाकडं शिकाऱ्याला वळवलं की तो माग राहत नाही, ती शिकार होते, आणि आकाशातून केलेली. अमेरिकेत १९७१ पासून विमानातून प्राणी मारायला किंवा पिटाळायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. ती बंदी आली तेव्हा असा ड्रोन कुणाच्या स्वप्नात नव्हता, पण तिच्यामागचा विचार ड्रोनला जसाच्या तसा लागू पडतो. हरणाजवळ पळून जायला पाय आहेत, नाक आहे, अंधार आहे. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्यापुढं यातलं काही चालत नाही.

या धंद्याला विरोध करणारे पुष्कळ शिकारीच आहेत, आणि त्यांचा मुद्दा नेमका हाच: आज मेलेलं हरीण शोधायला घेतलेला ड्रोन उद्या जिवंत हरीण हेरायला वापरला जाईल. माझ्या मते त्यांची भीती खरी आहे. वैमानिकानं तोंड बंद ठेवणं, यापलीकडं तिच्यावर आज तरी उपाय नाही.

६. काही फोन खोटे असतात.

बाण नाही, रक्ताचा फोटो नाही, नक्की कुठं मारलं ते आठवत नाही, पण "या पूर्ण टेकडीवर एकदा फिरवून बघा." अशा माणसाचं जखमी हरीण बहुधा अस्तित्वातच नसतं. त्याला टेकडीवर काय चरतं ते बघायचं असतं. मी जात नाही. शिवाय प्रत्येक शोधाचं चित्रीकरण जपून ठेवतो. उद्या वन्यजीव अधिकाऱ्यानं विचारलं तर दाखवता येतं.

७. कुत्र्याशी स्पर्धा नको.

माग काढणारे कुत्रे ही युरोपातली जुनी विद्या. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सत्तरच्या दशकात ती नव्यानं रुजली; खरखरीत केसांचे, बुटके डॅक्सहुंड लांब दोरीला बांधून नेतात. आता युनायटेड ब्लड ट्रॅकर्स नावाची त्यांची देशव्यापी संघटना आहे. ड्रोन आले तेव्हा कुत्रेवाल्यांचे दिवस संपले असं बऱ्याच जणांना वाटलं. मला तसं दिसलं नाही. पानांनी भरलेल्या ऑक्टोबरच्या रानात, गच्च लव्हाळ्यात, थंड पडून गेलेल्या हरणाच्या बाबतीत कुत्रा माझ्या पुढं आहे. शिवाय कुत्रा त्याच हरणाच्या मागावर जातो. मी सगळी हरणं बघतो आणि त्यातून एक निवडतो. उघड्या शेतात, मोठ्या माळावर, माग पुसून गेलेल्या ठिकाणी मी पुढं.

माझ्या भागातल्या कुत्रेवाल्या आजोबांकडं मी एक हंगाम नुसता दोरी धरून चाललो. तुटलेली काटकी, उलटं पडलेलं पान, गवताच्या पात्याच्या आतल्या बाजूला लागलेलं रक्त, हे त्यांनी दाखवलं. बाणाबद्दल वर लिहिलं आहे तेही बरंचसं त्यांचंच. मला जमत नाही तो फोन मी त्यांना देतो, त्यांना जमत नाही तो ते मला.

८. कुंपण.

हरणाला शेताची हद्द कळत नाही. शिकाऱ्याला कळते, पण रात्री ती विसरायला होते. ओहायोत दुसऱ्याच्या जमिनीवर शिकारीला जमीनमालकाची लेखी परवानगी लागते, आणि जखमी हरीण तिकडं गेलं म्हणून कुणाला कुंपण ओलांडायचा हक्क मिळत नाही. आकाश केंद्राच्या अखत्यारीत आहे हे खरं. पण रात्री नऊ वाजता आपल्या गोठ्यावर लुकलुकणारं यंत्र बघून शेतकरी काय म्हणेल, याचा विचार आकाशाच्या कायद्यात नाही. मी आधी शेजाऱ्याला फोन करायला लावतो, मग उडवतो.

होम्स काउंटीत आधुनिक सोयींपासून जाणूनबुजून दूर राहणाऱ्या आमिश लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यात शिकारी पुष्कळ. घरात विजेची जोडणी नाही, दारात घोडागाडी, आणि तो माणूस माझ्या ड्रोनच्या उजेडात शांतपणे आपलं हरीण ओढत आणतो. शेजाऱ्याच्या परवानगीची चिठ्ठी मात्र त्याच्या खिशात आधीपासून असते. बाकीच्यांना ती मागावी लागते.

९. पैसे शोधण्याचे घ्या, सापडण्याचे नव्हे.

सापडलं तरच पैसे, असं ठरवलं की आपले डोळे खोटं बोलायला लागतात. जिवंत हरीणही मेलेलं दिसू लागतं. मी येण्याचे आणि उडवण्याचे घेतो. शिकाऱ्याला मांस नको असेल तर ते फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री या संस्थेमार्फत अन्नछत्रांना देता येतं, हे मी प्रत्येकाला सांगतो. एका मध्यम हरणाचं वीस किलोच्या आसपास मांस निघतं.

१०. कायदा राज्यागणिक बदलतो.

केंद्राचं सोपं आहे. पैसे घेऊन उडवायचं तर विमान वाहतूक प्रशासनाचा, म्हणजे एफएएचा, पार्ट १०७ चा परवाना हवा: साठ प्रश्नांची परीक्षा, सत्तर टक्के गुण, दर चोवीस महिन्यांनी उजळणी. जमिनीपासून चारशे फुटांच्या वर नाही, ड्रोन नजरेच्या टप्प्याबाहेर नाही. एप्रिल २०२१ पासून रात्री उडवायला वेगळी सवलत मागावी लागत नाही, पण तीन मैलांवरून दिसेल असा लुकलुकणारा दिवा लागतो. २०२३ पासून ड्रोनची ओळख प्रसारित करणारं रिमोट आयडीही.

शिकारीचा कायदा मात्र प्रत्येक राज्याचा स्वतःचा. ओहायोत मेलेलं हरीण शोधायला ड्रोन चालतो. शेजारच्या मिशिगनमध्ये २०१५ च्या कायद्यानं शिकारीच्या कामात ड्रोन वापरायला बंदी आहे, आणि मेलेलं हरीण शोधणंही त्या बंदीत येतं असं तिथलं खातं मानतं. ओहायोच्या एका कंपनीनं २०२३ मध्ये त्याविरुद्ध दावा लावला. त्यांचा युक्तिवाद मजेशीर होता: हरीण कुठं पडलं आहे हे सांगणं म्हणजे माहिती देणं, आणि माहिती देणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग. केंद्रीय न्यायालयानं दावा फेटाळला. मला तो कायदा नको तेवढा ताणलेला वाटतो. मेलेल्या हरणाची शिकार कशी होणार? तरी कायदा आहे तोवर तो पाळायचा.

हाच कॅमेरा जर्मनीत गवत कापण्याआधी कुरणात दडलेली पाडसं शोधून वाचवतो. गवत कापणाऱ्या यंत्राचा आवाज आला तरी पाडस पळत नाही, जागच्या जागी दबून राहतं. जुन्नर-शिरूर भागात वनखातं बिबट्यांच्या शोधासाठी असेच ड्रोन उडवतं. कॅमेरा तोच, पण त्याचं काय करता येतं हे जागेगणिक बदलतं. तुम्ही अमेरिकेत असाल तर पहिला फोन घेण्याआधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याला लेखी विचारा आणि उत्तर गाडीत ठेवा. माझ्याकडं टोलेडो शहराच्या पलीकडून, मिशिगनच्या हद्दीतून फोन येतात. मी नाही म्हणतो आणि तिकडच्या कुत्रेवाल्याचा नंबर देतो. तुम्हीही तेच करा.